पंधरापैकी पंधरा

रविवारी सकाळी थोरला आला तोच पेन्सिली घेऊन. एक-दोन नाही, चांगल्या डझनभर, टोकं करून आणलेल्या. वडिलांच्या टेबलावर त्यानं त्या ओळीनं मांडल्या, तेव्हाच मधलीनं ओळखलं की हा विचारायला आलेला नाही, उरकायला आला आहे. वर्षानुवर्षं वकिली करून त्याला ही सवयच जडली होती. निकाल खिशात घालूनच तो चर्चेला बसायचा.

संग्रहालयाला 'खिडकीतली' हवी होती. पंधरापैकी पंधरावी, म्हणजे अजून छापायची राहिलेली शेवटची प्रत. थोरल्यानं गेल्या आठवड्यात त्यांना परस्पर शब्द देऊन टाकला होता आणि संध्याकाळी त्यांचा माणूस प्रत न्यायला येणार होता. मधलीला हे शुक्रवारी कळलं, तेही वहिनीकडून, तेही भलत्याच विषयावर बोलता बोलता. 

'खिडकीतली' म्हणजे या भावंडांची आई. लोक त्या फोटोला बाबांचा सर्वांत गाजलेला फोटो म्हणायचे. घरात त्याला कुणी फोटो म्हणतच नसे. नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे सोडून आई खिडकीपाशी उभी आहे, हातात एक ओली प्रत कोपऱ्याला धरलेली आहे आणि ती सरळ बघते आहे, हाक मारल्यावर माणूस बघतो तशी. साऱ्या आयुष्यात तिनं स्वतःचा एवढा एकच फोटो काढू दिला. बाबांनी कॅमेरा उचलला की ती पाठ फिरवायची. मला छापायला ठेवलंय, छापून घ्यायला नाही, असं म्हणायची.

आणि ते खरंच होतं. बाबा फोटो काढायचे, आई डार्करूममध्ये छापायची. घरचा कायदाही तिनंच केला होता. फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीत डावीकडे आकडा, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीनं. आकडा छापणाऱ्यानं घालायचा, सही काढणाऱ्यानं करायची. पंधरा सांगितल्या म्हणजे पंधराच, सोळावी कुणी पाया पडून मागितली तरी नाही. बिघडलेला कागद लगेच फाडायचा. पंधरावीवर सही झाली की त्याच दिवशी निगेटिव्हला पंचानं आरपार भोक पाडायचं, म्हणजे मोह व्हायलाच नको. बाबांच्या कपाटात अशा भोकं पडलेल्या निगेटिव्हचे खोकेच्या खोके होते. या घरात सगळ्यांची तिकिटं तपासून झालेली आहेत, असं वहिनी म्हणायची.

फक्त 'खिडकीतली'चं राहिलं होतं. पहिल्या चार प्रती आईनं स्वतः छापल्या, स्वतःचंच तोंड ट्रेमध्ये हलवत, आणि मग ती गेली. बाबांनी त्यानंतर डार्करूममध्ये पाऊल टाकलं नाही. आईच्या शेजारी स्टुलावर उभी राहून मधली सगळं शिकली होती, म्हणून ते काम मधलीकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. त्यासाठी तिनं कशाकशावर पाणी सोडलं, ते घरात कुणी मोजलं नाही. पुढच्या दहा प्रती तिनं छापल्या. कधी दोन वर्षांनी एक, कधी सहा वर्षांनी. कुणी मागितली की एक.

तिनं सकाळीच हात वर केले. कागद जुना झालाय म्हणाली. थोरल्यानं पिशवीतून नवा डबा काढला. डेव्हलपर संपलाय म्हणाली, तर तोही निघाला. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरचा दिवा मिणमिणतो म्हणाली, तर वहिनीनं पर्समधून कागदात गुंडाळलेला दिवा काढून टेबलावर ठेवला आणि मधलीकडे न बघता भाजी निवडायला स्वयंपाकघरात निघून गेली. नवरा-बायकोनं सगळी तयारी पक्की केली होती.

"अगं, तुला नक्की अडचण काय आहे?" थोरल्यानं विचारलं. "आई भिंतीवर आहेच की. पहिली प्रत बाबांच्या खोलीत आहे. ती काय कुठे जाणार नाही."

मधलीनं नव्या दिव्यावरचा कागद उलगडला. काय सांगणार होती ती? भिंतीवरची आई हललेली तिनं कधी पाहिली नव्हती. ट्रेमधली आई यायची. लाल दिव्याखाली कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा, ट्रे एका कडेनं हळूहळू हलवत राहायचं, आणि मग आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे, आणि गाल सगळ्यांत शेवटी. दहा वेळा ती अशी आली होती. दहाही वेळा मधलीच्या तोंडून 'आलीस?' असं निघून गेलं होतं. बावन्न वर्षांच्या बाईनं वकिलाला हे सांगायचं म्हणजे हसं करून घ्यायचं. शेवटची प्रत छापली आणि भोक पडलं की ती पुन्हा येणार नव्हती. एवढंच होतं. जोवर पंधरावी शिल्लक होती तोवर आई येणं शिल्लक होतं.

बाबा या सगळ्यात नव्हते. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ते जुन्या पाकिटांच्या पाठीवर सही गिरवत होते. मागच्या वर्षापासून उजवा हात थरथरायला लागला होता. दहा-बारा सह्या झाल्या की पाकीट लांब धरून बघायचे आणि गांडूळ सरपटल्यासारखी दिसते म्हणून स्वतःच हसायचे. मधलीनं त्यांना एकदा विचारून पाहिलं, की तुम्हाला काय वाटतं.

"हात आहे तोवर करू," ते म्हणाले. "उद्या मला नाव घालता येईना म्हणजे?"

मग मधलीची सगळी भिस्त धाकटीवर राहिली. धाकटी दुपारच्या गाडीनं येणार होती. ती दातांची डॉक्टर. माझ्यापुढे सारं गाव तोंड उघडतं, या घरात मात्र कुणी उघडत नाही, असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी खरं असायचं. मधलीनंच तिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. दूध, गोळ्या, शाळेचा डबा, परीक्षेतली रडारड, सगळं मधलीनं निस्तरलं होतं. थोरल्याविरुद्ध ती नेहमी मधलीच्या बाजूनं उभी राहायची, आणि तीही कंबर कसून.

ती आली, हातपाय धुतले, जेवायला बसली. थोरल्यानं तिला सगळं नीट सांगितलं. मधली ताटात भाताचे ढीग करत वाट बघत राहिली.

"करून टाका," धाकटी म्हणाली. "छापा, सही करा, भोक पाडा. सुटूया एकदाचे."

थोरल्यालाही हे अपेक्षित नसावं. त्याचा घास हातातच राहिला. वहिनीनं उगाचच त्याला आमटी वाढली.

"सुटूया?" मधलीनं विचारलं.

"हो, सुटूया. ताई, चाळीस वर्षं या घरात सगळे एका बाईसाठी झुरतायत, आणि मला तिचा आवाजसुद्धा माहीत नाही. तुम्ही तिघं बोलायला लागलात की मी पाहुणी. आई अशी हसायची, आई तशी चिडायची. मी आपली मान हलवते."

"म्हणून भोक पाडायचं?"

"तुला कशाला नको आहे, ते सांग ना मग. दादाला नाही सांगितलंस. मला सांग."

मधलीनं भाताचा एक ढीग बोटांनी सपाट केला. धाकटीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी सांगते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता चढा नव्हता. "मला ताप आला होता तेव्हा तू एकदा सांगितलं होतंस. मी बारा-तेरा वर्षांची असेन. आई पाण्यातून वर येते म्हणालीस. आधी केस येतात म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्यामागे लागले, मला आत घे. दार उघडलं की उजेडानं कागद जातो, म्हणायचीस. मग मला कळायला लागलं, की कागद नसतानाही तू दार उघडत नाहीस. तुला ती दहा वेळा भेटली, ताई. मला एकदाही नाही."

 मधलीला वाटलं, हिच्या थोबाडीत द्यावी, आणि त्याच क्षणी वाटलं, हिला उचलून कडेवर घ्यावं. दोन्ही करण्याचं वय गेलं होतं. तिनं धाकटीला सगळं दिलं होतं. स्वतःचं ताट, स्वतःची खोली, स्वतःची लग्नाची वर्षं. हे एकच ठेवून घेतलं होतं, आणि ते नेमकं तिच्याच वाट्याचं निघालं.

"हात धू," ती म्हणाली. "साबण नको. साबणाचा डाग पडतो कागदावर."

डार्करूम म्हणजे मूळची न्हाणी. दोघी आत मावत नव्हत्या. धाकटी कोपर कुठे ठेवू विचारत होती आणि मधली तिला इकडे सरक, तिकडे सरक करत होती. मधलीनं निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये बसवली, उजेड किती द्यायचा ते मोजलं. धाकटीला तिनं तीन ट्रे दाखवले. पहिल्यात ती येते, दुसऱ्यात थांबते, तिसऱ्यात कायमची होते. ट्रे हलवायचा, पण पाळणा हलवतात तसा, धसमुसळेपणा नको. गाल भरले की चिमट्यानं उचलून लगेच दुसऱ्यात टाकायची. उशीर झाला की काळी पडते.

"तू कर ना," धाकटी म्हणाली. तिचा सगळा तोरा दाराबाहेर राहिला होता.

"नाही. आज तू."

कागद डेव्हलपरमध्ये गेला. धाकटीनं ट्रेची कड धरली. काही क्षण नुसता पांढरा कागद होता, आणि मग एका बाजूला सावलीसारखं काहीतरी धरायला लागलं.

"केस," धाकटी म्हणाली.

मग भुवया आल्या. डोळे आले. मधलीनं या वेळी ट्रेकडे पाहिलंच नाही. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत होती. रोज माणसांच्या जबड्यात हात घालणारी ती बाई, आता तिचा खालचा ओठ थरथरत होता. आईचा खालचा ओठ चिडली की असाच थरथरायचा. हे मधलीनं आजवर तिला कधी सांगितलं नव्हतं.

गाल भरले. आता उचलायला हवं होतं. धाकटीच्या हातात चिमटा होता आणि तो हातातच राहिला. काढ, असं मधलीनं म्हणायला हवं होतं. तिनं म्हटलं नाही. आई पूर्ण आली, एक क्षण जशीच्या तशी दिसली, आणि मग हळूहळू काळवंडत गेली. गाल करडे झाले, खिडकी करडी झाली, डोळे केसांत बुडाले.

"मला वाटलं, अजून येईल," धाकटी म्हणाली. "वाटलं, आणखी थोडी जवळ येईल."

"येत नाही," मधली म्हणाली. "मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं."

"मग?"

"मग बाबांना सांगितलं, कागद खराब निघाला."

बाहेरून थोरल्यानं दार वाजवलं. झाली का, असं त्याचं विचारणं आलं. मधलीनं आतूनच सांगितलं, की कागद खराब निघाला, दुसरा घेतोय. वहिनी त्याला काहीतरी बोलली आणि त्याची पावलं लांब गेली.

काळी पडलेली प्रत फाडायची असते, हे धाकटीलाही ठाऊक होतं. मी फाडते म्हणाली आणि न फाडता ओलीच पाठीमागे नेऊन ठेवली. मधलीनं बाटलीचं झाकण घट्ट करायला घेतलं, जे आधीच घट्ट होतं.

दुसऱ्या कागदाला चूक झाली नाही.  धाकटीनं आपल्या मनानं बघितलं, आपल्या मनानं ठरवलं आणि वेळेवर उचललं. उचलताना ती हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. मधलीला ते ऐकू आलं. पण ते या दोघी बहिणींमधलं नव्हतं, म्हणून तिनं ऐकलं नाही असं धरलं.

प्रत धुऊन, पुसून, पंख्याखाली वाळवली तरी कडा वळल्याच. वहिनीनं मऊ सुती कापड घालून वरून इस्त्री फिरवली. सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही आणि आता इस्त्री करतेय, आधी माफी मागून ठेवते, असं ती म्हणाली. बाबा मोठ्यानं हसले. दिवसभरात ते पहिल्यांदाच इतके मोकळे हसत होते. थोरल्यानं घड्याळाकडे बघायचं सोडलं आणि तोही जवळ येऊन उभा राहिला.

धाकटीनं पेन्सिल घेतली. पट्टीत डावीकडे तिनं पंधरा लिहिलं, तिरकी रेघ ओढली, पुन्हा पंधरा लिहिलं. औषधाच्या चिठ्ठ्यांवर तिचं अक्षर कुणाला लागत नसे. हे मात्र शाळेतल्या पोरीनं काढावं तसं आलं. आईच्या हाताचे चार आकडे, मधलीचे दहा, आणि हा एक. कुठे कुठे, कुणाकुणाच्या भिंतींवर असतील ते सगळे.

मग बाबा. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि सही केली. सही पट्टीत मावली, पण शेवटी घसरली आणि खालच्या कडेपर्यंत गेली. थोरला वाकून बघू लागला. आधीच्या सह्यांशी ही जुळत नाही, संग्रहालयवाले विचारतील, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

"माझीच आहे," बाबा म्हणाले. "आता अशीच आहे."

थोरला सरळ झाला. खिशातून रुमाल काढून त्यानं चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावरही रुमाल आत ठेवला नाही. मग काही न बोलता त्यानं पंच टेबलावर ठेवला.

कायद्यानं तेही काम छापणाऱ्याचंच होतं. धाकटीनं पंच उचललासुद्धा. मधलीनं तिच्या हातून तो काढून घेतला.

"तुला ती आज भेटली," ती म्हणाली. "आजच तू नको. हे मी करते."

"आधी इकडे दे," बाबा म्हणाले.

त्यांना निगेटिव्ह हवी होती. मधलीनं ती कागदी पाकिटातून काढून कडेला धरून दिली. तळहाताएवढी फिल्म. ती घेऊन बाबा खिडकीकडे वळले आणि त्यांनी ती उजेडासमोर धरली. हात थरथरत होता, तशी तीही थरथरत होती. मधलीला आठवलं, की दर खेपेला छपाई झाली की ते ही निगेटिव्ह मागून घ्यायचे. मी आत ठेवतो म्हणायचे. मग खोलीचं दार लावून घ्यायचे आणि जेवायला हाका माराव्या लागायच्या. तिला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची शिस्त आहे.

"काय बघताय, बाबा?"

"केस," ते म्हणाले.

ती त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. खिडकी काळी, आईचं तोंड काळं, हातातला कागद काळा. आणि काळेभोर केस पांढरेशुभ्र. पाठीवर मोकळे सोडलेले, भरघोस, पिकून पार पांढरे झालेले. आयुष्यभर तिनं ही निगेटिव्ह हाताळली होती. धूळ आहे का, ओरखडा आहे का, एवढंच तिनं त्यात पाहिलं होतं.

"राहिली असती, तर आता अशीच दिसली असती," बाबा म्हणाले. "माझे पिकत गेले, तसं मला हिचं बरोबर वाटायला लागलं. आधी नुसती निगेटिव्ह होती."

 थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, मग बहिणींकडे पाहिलं. संग्रहालयाच्या माणसाला उद्या बोलावतो, असं तो पुटपुटला. उद्या कशाला, मी सरळ नाहीच म्हणून सांगतो. शब्द काय, मागे घेता येतो. त्यानं कुणाला दिलेला शब्द मागे घेतल्याचं या घरात कुणालाच आठवत नव्हतं.

"नाही रे," बाबा म्हणाले. "तिनं पंधरा म्हटलं होतं. तिचा कायदा आहे." त्यांनी फिल्म मधलीकडे दिली. "पाड. जागा तू बघ."

मधलीनं ती उजेडासमोर धरली. भोक असं पडायला हवं होतं की पुन्हा कुणाला यातून आई काढता येऊ नये. म्हणजे तोंडावरच. केसांत पाडून चालणार नव्हतं. चतुर छापणारा केसांतलं भोक कागदावर झाकून घेतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला ते भोक पाडायचं नव्हतं. अजून एक कागद, अजून एकदा, एवढंच तिला हवं होतं, आणि हे ती आता सगळ्यांदेखत म्हणाली.

"मला तिला अजून एकदा बघायचं होतं, बाबा."

"मलाही," ते म्हणाले.

धाकटीनं मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. मधलीनं पंचाच्या तोंडात फिल्म सरकवली, भुवयांच्या खाली आणली, कानाशी केस सुरू होतात तिथून बोटभर आत घेतली, आणि दाबलं. आवाज फारसा झाला नाही. बारकासा काळा तुकडा टेबलावर पडला. एकदा पाडून भागलं नाही. डोळे, मग गाल, मग हनुवटी असं तिनं तीनदा पाडलं, दर वेळी जागा बघून, दर वेळी केस सांभाळून.

मग तिनं निगेटिव्ह बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती पुन्हा खिडकीकडे धरली. भोकांतून संध्याकाळचा उजेड सरळ आत येत होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"केस राहिले गं," ते म्हणाले.